क्लासची फी

आज सकाळी पाहुणे पोहे खात असताना बाबांनी तो किस्सा पुन्हा सांगितला: 1986 साली या चिरंजिवांनी गणिताच्या क्लासची फी परस्पर गिळली, पट्ट्याचा मार खाल्ला, पण पैसे कुठे गेले ते सांगितले नाही. सगळे हसले, मीही हसलो. मग शाळांतील लैंगिक शिक्षणाचा विषय निघाला आणि एक काका म्हणाले, "असल्या घाणीवर सरकारने आपला पैसा का उधळावा?" माना डोलावणाऱ्यांत बाबाही होते.

ते 120 रुपये कुठे गेले, ते आज लिहितो. मी चौदा वर्षांचा होतो, रात्री झोपेत जे होते त्याला मी रोग समजत होतो, आणि इंदूरच्या रुळांकडेच्या भिंतींवर त्या रोगाचे नाव हातभर अक्षरांत रंगवलेले होते. तंबूतल्या वैद्याने नाडी धरली, "फार उशीर केलास" म्हणाला आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या एकवीस पुड्या दिल्या. राखेत बडीशेप कालवावी तशी त्यांची चव होती. एकवीस दिवस मी मरणाची वाट पाहिली.

सरकारने पैसा दिला नाही म्हणून खर्च टळला काय? तो पोरांनी चोरून केला, तंबूत जाऊन केला. तरीही 2007 साली आपल्या मध्य प्रदेशाने शाळांतला किशोर शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाखाली थांबवला. ज्या मराठीत र. धों. कर्व्यांनी खटले सोसून 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक ज्ञान देणारे मासिक चालवले, ती बोलणाऱ्या आपल्या घरांतून तेव्हा चकार शब्द निघाला नाही, याचा मला अजून संताप येतो.

मान्य, लाजेने घसा कोरडा पडलेला शिक्षक धडा नुसता वाचून दाखवणार असेल, तर तो पैसा बराचसा वायाच जातो. 2020 च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, आणि आठवड्याला 1 तास अशी योजना आहे; ती कागदावर किती आणि वर्गात किती, हे ज्याने त्याने आपल्या मुलांना विचारावे. पण "हा रोग नव्हे, या वयात होते असे" एवढे जरी त्या लाजऱ्या सरांनी फळ्याकडे तोंड करून म्हटले असते, तरी मला पुरले असते.

बाबांवर राग नाही. त्यांना तरी त्या वयात कोणी काय सांगितले होते? ते दुपारी उठल्यावर चष्मा लावून माझे लिहिलेले सगळे वाचतात, म्हणून हिशेब देतो. बाबा, नाडी पाहण्याचे 20, पुड्यांचे 100.