रणगाडा उशिरा ओळखू आला तरी पुष्कळ झालं

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली, मनापासून आभार. बदलत्या छद्मावरणावरचा, म्हणजे पार्श्वभूमीनुसार रूप बदलून वाहन लपवणाऱ्या आवरणावरचा माझा लेख तुम्हाला जाहिरातबाजी वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रणगाडा अदृश्य करणं अशक्य आहे, थर्मल (उष्णता टिपणारे) कॅमेरे आणि ड्रोन आल्यापासून लपण्याला अर्थ उरलेला नाही, आणि वाहनावर टाकायच्या साध्या जाळीने भागत असताना एवढा खटाटोप कशाला? पहिला मुद्दा मान्यच आहे. बाकीचे दोन पटत नाहीत.

'दिसलं की नाही' एवढ्यावरच तुम्ही निकाल लावता. पण पाहणाऱ्याचं काम तिथे संपत नाही. जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये अमेरिकी लष्करासाठी केलेल्या कामातून आलेले निकष आजही वापरात आहेत. 'काहीतरी आहे' एवढं कळायला वस्तूच्या आकारावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी वेगळी दिसेल इतका तपशील पुरतो. रणगाडा की ट्रक, हे कळायला अशा चार जोड्या लागतात; कोणता रणगाडा, यासाठी सहाच्या वर. तेवढा तपशील मिळवायला जवळ यावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. छद्मावरण हाच वेळ वाढवतं.

दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण घ्या. पृष्ठभागावर आलेल्या पाणबुडीवरचे टेहळे विमान लांबूनच हेरायचे आणि पाणबुडी बुडी मारून निसटायची. विमानाला कितीही फिका रंग द्या, आकाशापुढे ते काळंच दिसतं, कारण पाहणाऱ्याकडची बाजू सावलीत असते. अमेरिकी नौदलाने अ‍ॅव्हेंजर विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेला दिवे बसवले आणि त्यांचा उजेड मागच्या आकाशाशी जुळवला. एरवी १२ मैलांवरून दिसणारं विमान सुमारे २ मैलांवर येईपर्यंत लक्षात येईना. या 'येहुदी' दिव्यांचा पुढे प्रत्यक्ष वापर झाला नाही, पण पाणबुडीला बुडी मारायला वेळ उरला नसता, एवढं चाचणीने दाखवलं.

आता जाळीकडे येतो. चांगली जाळी उत्तम काम करते, स्वस्तही पडते, याबद्दल वाद नाही. पण पोलाद आणि माती एकाच वेगाने तापत नाहीत, निवतही नाहीत. दुपारी आसपासच्या मातीहून गरम असलेला पत्रा रात्री तिच्याहून थंड होऊ शकतो. दिवसातून दोनदा, साधारण सकाळी आणि संध्याकाळी, दोघांचं तापमान सारखं होतं आणि थर्मल कॅमेऱ्यातली आकृती पुसट होते. मग फरक उलटा होऊन ती पुन्हा उठून दिसते. एकाच गुणधर्माचं आवरण दिवसभर सारखं कसं चालेल? तुम्ही म्हणता त्या थर्मल कॅमेऱ्यांमुळेच बदलत्या आवरणाची गरज निर्माण झाली.

२०११ मध्ये दाखवलेल्या 'अडॅप्टिव्ह' प्रणालीत सीव्ही ९० या स्वीडिश चिलखती वाहनाच्या एका बाजूवर सुमारे १४ सेंटीमीटरच्या षटकोनी फरशा बसवल्या होत्या. वीज दिली की प्रत्येक फरशीचा पृष्ठभाग गरम किंवा थंड होतो. वाहनावरचे कॅमेरे पार्श्वभूमीचं तापमान टिपतात आणि फरशा ते उमटवतात, किंवा साध्या मोटारीची उष्ण आकृती दाखवतात. जॉन्सनचे निकष आठवा: रणगाडा दिसतोय, पण मोटार म्हणून.

ड्रोनची अडचण खरी आहे. पार्श्वभूमी बघणाऱ्याच्या जागेनुसार बदलते, आणि वरून पाहणाऱ्यापुढे बाजूच्या फरशा निरुपयोगी. त्याहून मोठी अडचण तुम्ही मांडलीच नाहीत, ती उष्णतेची. फरशी बाहेरून थंड केली की उष्णता आतल्या बाजूला जाते, ती कुठेतरी सोडावीच लागते. इंजिन धडधडत असेल, धुरांडं आणि चाकांवरचे पट्टे तापलेले असतील, तर फरशांनी फार साधणार नाही. म्हणून सगळ्या ताफ्यावर असं आवरण चढवा असं मी म्हणणार नाही. पण इंजिन बंद करून तासन् तास एका जागी दबा धरून बसणाऱ्या टेहळणी वाहनासाठी हा खर्च मला योग्य वाटतो. शत्रूचा थर्मल कॅमेरा हाताळणारा माणूस पडद्यावरच्या त्या ठिपक्यावर दोन मिनिटं अडखळला, तर तेवढ्यात वाहनाला जागा बदलता येते.