विमानाला दृष्ट लावू नका म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण हातचं राखून लिहिलेली नाही, म्हणून उत्तरही तसंच देतो. बाकीच्यांसाठी संदर्भ असा: अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून उडणारं मुंबईचं विमान किती टिकेल, अशी शंका मी मागच्या लेखात काढली होती. त्यावर डोंबिवलीहून भाऊ लिहितात, "इतक्या वर्षांनी विदर्भाले एक गोष्ट भेटली, तर तुम्ही बारशालेच तेराव्याचा सैपाक मांडला. सरकारी कंपनी हाये, बुडन कशी? मांगं टाटा हाये. इमान भरून जाते, मी सोता पायलं. तुमाले चांगलं काही दिसतच नाही काय?" आणि शेवटी, दिवाळीला विमानानं यावं की गाडीनं, हा प्रश्न.

आधी टाटांचं. हा समज इथे वरुडच्या चौकातही आहे आणि त्याला कारणही आहे. एअर इंडियानं वैमानिक घडवायची संस्था उभारायला बेलोराच निवडलं, आणि एअर इंडिया आता टाटांची. त्यामुळे तिथलं सगळंच टाटांचं असं लोक धरून चालतात. पण १६ एप्रिल २०२५ ला तिथून जे पहिलं प्रवासी विमान मुंबईला गेलं, ते अलायन्स एअरचं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा एअर इंडिया एक्स्प्रेसही तिच्यासोबत गेली. अलायन्स एअर मागे राहिली.

कुणाकडे राहिली, हे नीट पाहा, कारण माझी सगळी शंका तिथूनच निघते. एआय ॲसेट्स होल्डिंग नावाची एक सरकारी कंपनी आहे. ऑगस्ट २०२१ अखेर एअर इंडियावर ६१,५६२ कोटींचं कर्ज होतं. टाटांनी त्यातलं १५,३०० कोटींचं उचललं. उरलेलं ४६,२६२ कोटींचं या कंपनीच्या गळ्यात आलं. सोबत जमिनी, इमारती आणि टाटांना न दिलेल्या उपकंपन्या आल्या, अलायन्स एअर त्यातलीच. जमिनी विकायच्या, उपकंपन्या विकायच्या, देणी भागवायची, एवढ्यासाठीच ही कंपनी आहे. जिची मालकीणच विकायला बसली आहे, ती विमान कंपनी दहा वर्षांचा विचार कशी करणार? नवी विमानं कोणाच्या भरवशावर घेणार? २०२३ मध्ये सरकारनं अलायन्स एअरला ३०० कोटींचं भांडवल दिलं, तेव्हा कुठे श्वास चालू राहिला. हा पैसा पुन्हा पुन्हा मिळेलच असं धरून आपण आपल्या जिल्ह्याचं नियोजन करायचं का?

"सरकारी कंपनी बुडन कशी" याला उत्तर म्हणून एकच नाव पुरे: वायुदूत. १९८१ मध्ये सुरू झालेली, इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया या दोघींनी मिळून काढलेली, छोट्या गावांना जोडायसाठीच काढलेली. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन केली. बुडाली असं कुणी म्हटलं नाही. गावांची नावं मात्र वेळापत्रकातून गेली. सरकारी कंपन्या बहुधा अशाच जातात, गाजावाजा न करता.

आता भरलेल्या विमानाचं. तुम्ही पाहिलं ते खरंच असणार, मी खोटं म्हणत नाही. पण हे विमान लहान शहरांना जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेतलं. तिच्यात ठरावीक जागांचं भाडं मर्यादेत ठेवावं लागतं आणि त्यामुळे पडणारी तूट सरकार भरून देतं. ऐंशी टक्के केंद्राच्या निधीतून, वीस टक्के राज्याकडून. ही सोय तीन वर्षांची. म्हणजे आज विमान भरलं म्हणून कंपनी फायद्यात आहे, असं होत नाही. तीन वर्षांनंतर काय होतं हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात मोजून ठेवलं आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि मदत थांबल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४. हे आकडे मी घरी बसून काढलेले नाहीत, भाऊ. लांब कशाला, आपल्या गोंदियालाच बघा. मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगनं इंदूर-गोंदिया-हैदराबाद सुरू केलं, हार-तुरे झाले, आणि काही महिन्यांत सेवा बंद. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगो आली तेव्हा गोंदियाच्या बिरसी विमानतळावर पुन्हा प्रवासी दिसले.

आणि प्रवासी असले की सेवा टिकते, हे आपल्या भागातल्या माणसानं तरी म्हणू नये. आपली शकुंतला रेल्वेगाडी रिकामी धावत होती म्हणून बंद पडली काय? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर पट्ट्यातल्या माणसाला विचारा. रुळांची मालकी एका खासगी कंपनीची, गाडी चालवणार रेल्वे; मग खर्च कोणी करायचा, यावर वर्षानुवर्षं घोळ. स्लीपर सडले, वेग उतरत गेला, शेवटी गाडी थांबली. लोक आजही ती सुरू करा म्हणून निवेदनं देतात. यवतमाळचीच दुसरी गोष्ट. तिथला विमानतळ २००९ मध्ये औद्योगिक विकास महामंडळानं लातूर, नांदेड, बारामती आणि उस्मानाबादसोबत रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्सला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिला. तिचा मूळ अनिल अंबानी समूहच कर्जात रुतला, आणि यवतमाळच्या धावपट्टीला नियमित प्रवासी विमान काही लाभलं नाही. दोन्ही ठिकाणी आपल्या लोकांचं चुकलं काय होतं? काहीच नाही. निर्णय आपण कधी न पाहिलेल्या कंपनीच्या ताळेबंदात होत होता.

अलायन्स एअरचा ताफा लहान, त्यात एटीआर आणि थोडी डॉर्निअर अशी छोटी विमानं. एक विमान दुरुस्तीला उभं राहिलं की कुठला तरी मार्ग कापावा लागतो. हीच कंपनी कोचीहून लक्षद्वीपच्या अगत्तीला जाते, ईशान्येकडच्या डोंगराळ गावांत जाते. तिथे दुसऱ्या सोयी थोड्याच. आपल्याकडे रात्रीची अंबा एक्स्प्रेस आहे, ट्रॅव्हल्स आहेत, समृद्धी आहे. कात्री पहिली कुठे लागेल असं तुम्हाला वाटतं? मला तर बेलोराच दिसतं.

तुम्ही म्हणता, मला चांगलं दिसत नाही. परळला टाटा रुग्णालयात केमोसाठी जाणारी माणसं आमच्या तालुक्यातून दर आठवड्याला निघतात. रात्रभर बसून जायचं, सकाळी रांगेत उभं राहायचं, त्याच अंगानं परत यायचं. त्यांच्यासाठी पावणेदोन तासांचं विमान म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नाही. म्हणूनच फीत कापल्याचे फोटो बघून माझं समाधान होत नाही.

मी मागतो ते एवढंच. पहिल्या उड्डाणापासून तीन वर्षं धरली तर एप्रिल २०२८ येतो. त्यानंतरची तूट राज्य सरकार भरणार का, आणि किती काळ, हे आमदार-खासदारांनी आत्ताच लेखी घ्यावं. २०२८ च्या मार्चमध्ये मोर्चा काढून उपयोग नाही. दुसरं, अलायन्स एअर विकायचीच असेल तर विक्रीच्या कागदात छोट्या मार्गांची अट घालावी. हे काही जगावेगळं नाही. एअर इंडिया विकताना कर्मचाऱ्यांना वर्षभर काढायचं नाही, ही अट सरकारनं घातलीच होती. मग लहान मार्ग ठरावीक काळ बंद करायचे नाहीत, अशी अट का नको? घेणारा कुरकुर करेल, किंमत थोडी कमी येईल. येऊ द्या. नाहीतरी ४६ हजार कोटींच्या डोंगरात या कंपनीच्या किमतीनं किती फरक पडणार? बाकी टर्मिनलचं नाव काय द्यावं यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या.

तुमच्या दिवाळीच्या प्रश्नाकडे येतो. या की विमानानं, मी कुठे नाही म्हणतो? तिकीट मध्यस्थाकडून न काढता थेट कंपनीच्या संकेतस्थळावर काढा आणि स्वतःचाच मोबाईल नंबर द्या, म्हणजे रद्द झाल्याचा निरोप तुम्हाला मिळेल. उड्डाण रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरी व्यवस्था, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. ऐनवेळी कळवलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं व इंधन शुल्क, यातली कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून मिळते. तिथला माणूस व्हाउचर पुढे करेल, ते घेऊ नका. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. तेही काढून ठेवा, विमान उडालं की रद्द करा. ऐनवेळी रद्द केलं तर तिकिटाचे पैसे बरेच, कदाचित सगळेच, जातील, पण लक्ष्मीपूजनाला घरी असाल.