रोमन पुतळे म्हणजे दगडातले फोटो?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका पोस्टचं म्हणणं असं: रोमन शिल्पकार संगमरवरात माणूस हुबेहूब उतरवत, त्यांना पांढराशुभ्र दगडच आवडे, आणि पुतळ्यांची नाकं शत्रूंनी मुद्दाम फोडली.

आधी 'हुबेहूब'. सम्राट ऑगस्टस इ.स. 14 मध्ये वारला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. त्याची दोनशेहून अधिक शिल्पं आज आहेत, पण म्हातारा ऑगस्टस त्यांत शोधून सापडत नाही. चरित्रकार स्वेटोनियस सांगतो, त्याचे दात बारीक, विरळ आणि किडके होते, उंचीही बेताचीच. रोमजवळच्या प्रिमा पोर्ताला 1863 मध्ये सापडलेला, आता व्हॅटिकनमध्ये असलेला त्याचा पुतळा मात्र दोन मीटरहून उंच आणि ऐन तारुण्यातला!

मग सुरकुतलेल्या म्हाताऱ्यांचे ते प्रसिद्ध चेहरे? ते प्रामुख्याने रोमच्या प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राट येण्याआधीच्या राजवटीच्या, अखेरच्या काळातले. तेव्हा बड्या घराण्यांत खोल सुरकुत्या आणि बसलेली गालफडं मिरवायची चीज होती. त्यांतून अनुभव आणि करारीपणा दिसे. सुरकुत्या खऱ्याही असतील, पण त्या ठसवायच्या की गाळायच्या, हे ठरवताना आरशापेक्षा राजकारणाचं जास्त चाले.

शिवाय चेहरा बदलताही येई. इ.स. 96 साली सम्राट डोमिशियनचा खून झाला, सिनेटने (रोमच्या उमरावांच्या सभेने) त्याच्या खुणा पुसायचं ठरवलं, आणि त्याचे कित्येक पुतळे छिन्नीने तासून पुढचा सम्राट नर्व्हा बनले. तासलेला दगड परत वाढत नाही, त्यामुळे अशा डोक्यांवर जुन्या केसांच्या बटा राहून जातात, कान चेहऱ्याच्या मानाने मोठे वाटतात. मला तर ही फसलेली डोकी अखंड पुतळ्यांपेक्षा जास्त बोलकी वाटतात.

पांढऱ्या रंगाचं लवकर आटपतं. हे पुतळे रंगवलेले असत. कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक संग्रहालयातल्या सम्राट कॅलिगुलाच्या डोक्यावर रंगाचे अंश अजून आहेत. दुसऱ्या शतकातल्या सम्राट हेड्रियनच्या काळापर्यंत बुबुळंही बहुधा रंगानेच काढत. रंग उडाला आणि डोळे कोरे दिसू लागले.

नाकांचा मुद्दा साफ खोटा नाही, मुद्दाम तोडफोड झालीच. पण पुतळा तोंडावर पडला की सगळ्यात आधी पुढे आलेलं नाकच जातं. नंतरच्या युरोपात दुरुस्ती करणाऱ्यांनी कित्येकांना नवी नाकं बसवली. पुढे संग्रहालयांनी ती उतरवली, आणि त्याच ग्लिप्टोटेकमध्ये अशा उतरवलेल्या नाकांचं चक्क एक कपाट आहे.