सुई टोचणाऱ्या सरांना कोण विचारणार?

आज दुपारी एका फिटनेस ट्रेनरचं रील बघितलं, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. दंड फुगवून उभा आहे आणि सांगतोय, "पहिली सायकल करायची असेल तर डीएम करा, डाएटसकट सगळा प्लॅन करून देतो." सायकल म्हणजे स्टिरॉइडचा कोर्स. खाली पोरांची रांग लागलेली. सर, वय सतरा आहे, चालेल का? सर, घरी कळणार नाही ना? आणि हा माणूस प्रत्येकाला बदामाचा इमोजी पाठवतोय!

सतरा वर्षांचं पोर. हाडांची वाढ अजून चालू आहे आणि याला स्टिरॉइड देणार. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, हे त्या पोराला कोण सांगणार? वृषणं आक्रसतात, छाती बायकांसारखी वाढते, लिव्हर आणि हृदय भरडून निघतं. रीलमध्ये यातलं एक अक्षर नाही.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी केलेली बाई आहे. मेफेन्टरमाइन या बीपी वाढवणाऱ्या औषधाची बाटली तिथे रोज हाताळली. मणक्यात भूल दिल्यावर पेशंटचं बीपी पडलं की भूलतज्ज्ञ ते देतात, थोडं थोडं, मॉनिटरवरची नजर न काढता. तीच बाटली मला माझ्या भाच्याच्या सॅकमध्ये सापडली. पोलीस भरतीची तयारी चालली होती. 1600 मीटरला 20 गुण असतात आणि याचं टायमिंग बसत नव्हतं. त्याच्या जिमचे सर म्हणाले, हे घे, दम लागणार नाही. टोचलं कुणी? सरांनीच, ग्राउंडच्या कडेला, उभ्या उभ्या. आधी बीपी तरी बघितलं का, विचारलं तर पोरगा नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेलं औषध हे! रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड, बारीकसारीक गोष्टीवरून आईच्या अंगावर धावून जायचा. बहिणीला वाटायचं, अभ्यासाचं टेन्शन असेल.

लोक म्हणतील, पोरं काही कुक्कुलं बाळ नाहीत, त्यांनाच पाहिजे असतं. असतं, मान्य. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तोच जबाबदार, हा डोपिंगचा, म्हणजे खेळात बंदी असलेली औषधं घेण्याबद्दलचा, नियमही मला मान्य आहे. पण 2011 मध्ये आपल्या रिले संघाच्या मुली डोपिंगमध्ये पकडल्या गेल्या ते आठवा. आदल्याच वर्षी एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलेल्या अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर, सिनी जोस. त्या सांगत होत्या की परदेशी कोचने आणून दिलेल्या जिनसेंगमधून हे औषध शरीरात आलं. कोचला काढून टाकलं आणि मुलींच्या कारकिर्दीची ऐन दोन वर्षं बंदीत गेली. त्यांनी तपासून घ्यायला हवं होतं, खरंय. पण ज्याच्या शब्दावर पहाटे उठायचं, ज्याच्या शब्दावर जेवायचं, त्याने दिलेली पुडी किती मुली तपासायला नेतील?

2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत डोपिंग तपासणारे आल्याचं कळलं आणि 100 मीटरच्या फायनलला एकच मुलगा धावला. बाकीचे गायब. आपण सगळे त्या पळालेल्या पोरांना हसलो. त्यांचे कोच त्या दिवशी कुठे होते, हे कुणीच विचारलं नाही.

भाचा मला म्हणाला, "मावशी, सर वाईट नाहीत गं." त्याचं हे वाक्य मला विसरता येत नाही. नसतीलही वाईट. सर स्वतः भरतीत दोनदा राहिलेले, कर्ज काढून जिम टाकलेली, भाडं थकलेलं. तीन महिन्यांत रिझल्ट दिसला नाही तर पोरं समोरच्या जिममध्ये जातात. मला त्या माणसाची खरंच कीव येते. त्यालाही कुणीतरी असंच टोचलं असणार.

पण म्हणून माझ्या भाच्याच्या दंडात सुई? नाही. हे लिहितानाही हात थरथरतोय. पोरगा तुम्हाला वाकून नमस्कार करतो, घरी बापाचं ऐकत नाही एवढं तुमचं ऐकतो. या विश्वासाचेच तुम्ही पैसे घेता ना? मग तो मागायला आला तरी "माझ्या जिममध्ये हे चालणार नाही" म्हणणं तुमचं काम आहे. स्पर्धेच्या खेळात कोचने बंदी असलेलं औषध दिलं तर त्याच्यावर किमान चार वर्षांची आणि थेट आजन्मही बंदी येऊ शकते. गल्लीतल्या जिमपर्यंत हा नियम पोचतच नाही. तिथे सर्टिफिकेट भिंतीवर आणि बाटल्या ड्रॉवरमध्ये.

सगळे ट्रेनर असे नसतात, हे मलाही कळतं. जे नाहीत त्यांनी आता गप्प बसू नये. शेजारच्या जिममध्ये काय चालतं हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आणि ज्यांची मुलं जिमला किंवा भरतीच्या अकॅडमीत जातात त्यांनी उद्याच सरांना जाऊन भेटा. फी भरून परत फिरू नका. हा काय खातो, काय टोचून घेतो, कोण देतं, हे मुलासमोर विचारा. सरांना राग आला तर त्याच दिवशी नाव काढा.