अण्णांचं पेन

अण्णांनी खिशातून पेन काढलं तेव्हा मला वाटलं, आहेराच्या पाकिटावर नाव लिहायचं राहिलं असेल. बारशाचं घर, दुसरं काय वाटणार? त्यांनी टोपण उडवलं आणि दहा मिनिटं उकळून, चिमट्याने काढून, साठ मिली पाणी भरून ओट्यावर ठेवलेल्या बाटलीत ते सरळ बुडवलं.

"दोनशे दहा," अण्णा म्हणाले. "पाचशेच्या आत आहे. दे पाज."

चार दिवस झाले. दात अजून करकरतात.

ते टीडीएसचं पेन होतं. हल्ली इंदुरातल्या निवृत्त माणसांच्या खिशाला चष्म्याशेजारी हेच दिसतं. अण्णा म्हणजे बहिणीचे चुलत सासरे, त्यामुळे आवाज चढवायची सोय नाही. मी फक्त विचारलं, "अण्णा, हे याआधी कशात बुडवलं होतं?"

"कशात नाही ते विचार! सकाळी हौदात, मग वरच्या टाकीत, मग कूलरमध्ये. कूलरचं अकराशे आलं!" अकराशे त्यांनी नातवाचे मार्क सांगावेत तसं सांगितलं.

"मग धुतलं असेल ना?"

"दिवसभर पाण्यातच तर असतं. धुवायचं काय त्यात?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

"पण अण्णा, यात जंतू मोजले जात नाहीत."

"जंतू काय पाण्याबाहेर राहतात? जे पाण्यात आहे ते सगळं यात येतं. टोटल डिझॉल्व्हड सॉलिड्स. नावातच टोटल आहे, बाई."

त्या पेनाच्या टोकाला धातूचे दोन काटे असतात. पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच ते बघतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. जंतू क्षार नव्हेत. नाल्याचं पाणी आणि पेलाभर जलजिरा समोर ठेवला तर या पेनाच्या मते जलजिराच जास्त घाण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे खरी, पण ती क्षारांची. हगवणीचे जंतू तिच्यात बसत नाहीत.

हे मी सांगेपर्यंत अण्णांनी पेलाभर गार पाणी घेऊन त्यातही पेन घातलं होतं. "एकशे साठ. आणि तुझं उकळलेलं दोनशे दहा. बघ! उकळून तू पाणी बिघडवलंस." गरम पाण्यातून वीज जास्त सहज जाते, अंशामागे साधारण दोन टक्के. म्हणून त्या पेनाच्या खोक्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते. पण खोकं कोण वाचतं. वाचला जातो तो फक्त बाळाच्या दूध-पावडरीचा डबा, आणि त्यावरची एकच ओळ.

स्वयंपाकघरातून जाणारा प्रत्येक पाहुणा ती ओळ मोठ्याने वाचत होता. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम. हो, माहीत आहे. १९९२ च्या कायद्यानेच ती ओळ प्रत्येक डब्यावर छापावी लागते, आणि बाळाचं चित्र छापायला बंदी आहे. कायदा चांगलाच आहे. पण वरचं दूध डॉक्टरांनी का सांगितलंय हे आतल्या खोलीतल्या बाळंतिणीने पाळण्याला हात लावायला आलेल्या पंचवीस बायकांना समजावून सांगावं, असं त्या कायद्यात कुठेही नाही.

असो. बाटली गेली ती गेलीच. आणि बाटली म्हणजे एक वस्तू नव्हे. बाटली, निपल, रिंग, टोपण, शिवाय काहींना हवेची बारकीशी झडप, असे सुटे भाग करावे लागतात. दुधाची साय बसते रिंगेच्या आट्यांत आणि निपलच्या कडेखाली, तिथे बारीक ब्रश जायला हवा. आधी साबणाने स्वच्छ धुवायचं, कारण साय चिकटलेली बाटली उकळली की साय शिजते, निघत नाही. मग मोठ्या पातेल्यात सगळं पूर्ण बुडवायचं. बाटली आडवी करून आतली हवा काढायची, नाहीतर वर तरंगणारा भाग कोरडाच राहतो. झाकण ठेवून, उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं. पातेलं गॅसवर ठेवल्यापासून नव्हे.

दुधाचं पाणी वेगळं उकळायचं, आणि तेही चांगलं लिटरभर. मला साठ मिली हवं असताना लिटर का, हा प्रश्न त्या दिवशी तिघांनी विचारला. कारण लिटरभर पाणी झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाने सत्तर अंशांच्या आसपास असतं. पेलाभर पाणी तेवढ्यात कोमट होऊन जातं. आणि सत्तर अंश लागतात ते पाण्यासाठी नव्हे, पावडरीसाठी. डबा सीलबंद असला तरी पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीत महिनोन्महिने तग धरतो आणि कोमट पाणी मिळालं की जोमाने वाढतो. महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाला तो झेपत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगून ठेवलंय की पाणी सत्तरच्या खाली जाऊ द्यायचं नाही, त्यातच पावडर कालवायची, मग टोपण लावून बाटली नळाच्या धारेखाली फिरवत गार करायची. मनगटावर थेंब टाकला तर कोमट लागला पाहिजे, चटका नाही. काही डब्यांवर 'कोमट पाण्यात मिसळा' असं असतं. आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं.

आधी पाणी, मग पावडर. उलटं केलं तर पावडरच जागा अडवते, रेघेपर्यंत पाणी कमी बसतं आणि दूध घट्ट होतं. चमचा डब्यातलाच, तोही सुरीच्या पाठीने सपाट केलेला. बहुतेक डब्यांना तीस मिलीला एक. "अगं, एक जास्त घाल, बाळ धरेल" असं म्हणणारी मावशी दर घरात असते. बाळ धरत नाही, बाळाचं पोट धरतं, आणि त्याच्या एवढ्याशा मूत्रपिंडांवर ताण येतो तो वेगळा. उरलेलं दूध ओतून द्यायचं. "एवढं महागाचं!" हेही ऐकायचं.

पाणी कुठलं, हा इंदुरात भांडणाचा विषय. घरात दोन नळ, एक नर्मदेचा, एक बोरिंगचा. नर्मदा जलूदहून सत्तरेक किलोमीटर घाट चढून येते. १९७८ पासून येते आणि तिचं कौतुक मलाही आहे. पण नळ येतो दिवसाआड. मधल्या वेळात नळी रिकामी, आणि रिकामी नळी जिथे फुटकी असेल तिथून आजूबाजूचं काय वाटेल ते आत ओढते. शिवाय गल्लीत चौघांचे टिल्लू पंप, म्हणजे नळातून पाणी ओढणाऱ्या छोट्या मोटरी. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात रस्त्यावर पोहे सांडले तर उचलून खावेत इतका रस्ता लख्ख, आणि नळाची पहिली दहा मिनिटं मात्र बादलीत धरून झाडांना घालायची. याचा अभिमान बाळगावा की आणखी काय करावं, मला ठरवता येत नाही.

बोरिंगचं मी घेतच नाही. दाट वस्तीत त्यात नायट्रेट नावाचा क्षार असू शकतो, आणि तो उकळून जात नाही. उलट पाणी आटतं तसा तो दाट होतो. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. फार वाढला तर लहान बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहता येत नाही, ओठ निळसर पडू शकतात. आरओ तो बऱ्यापैकी काढतं, नुसतं यूव्ही काढत नाही. अण्णांचं पेन तो मिठातच धरतं. आणि आरओचं असो की बाटलीबंद, उकळायचं ते उकळायचंच. सीलबंद म्हणजे निर्जंतुक नव्हे.

एका आजींनी मात्र कामाचं विचारलं. "बाटली कशाला? आमच्या वेळी बोंडलं होतं." बोंडलं म्हणजे दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं. त्यांचं निम्मं बरोबर. वाटी-चमचा बाटलीपेक्षा चांगलाच, उघडा असल्याने सगळीकडून घासता येतो. बोंडल्याच्या चोचीत ब्रश जात नाही एवढीच अडचण. बाटलीच घ्यायची तर पॉलिप्रॉपिलीनची, तळाशी त्रिकोणात ५ असलेली, किंवा काचेची. स्टीलची टिकते, पण आत किती भरलं आणि काय चिकटलं ते दिसत नाही.

एवढं होईपर्यंत दुसरी बाटली उकळून झाली होती. बाळ रडून लालबुंद. बाहेरून कुणी विचारलं, "का रडतंय?" अण्णा म्हणाले, "टीडीएस."

मी झाकून ठेवलेलं लिटरभर पाणी घ्यायला वळले, तर पातेलं रिकामं. "उकळतं तयार होतं, म्हणून चहाला घेतलं," बहिणीच्या जाऊबाई म्हणाल्या. पुन्हा पातेलं, पुन्हा गॅस.

अण्णांनी चहातही पेन घातलं. साडेबाराशे आलं. दोन कप प्यायले.