‘आपोआप’ या शब्दाची झडती

गेले काही महिने पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या, भजनी मंडळांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: समाज सुधारायच्या फंदात पडू नका, दोष समाजात नाही, तुमच्या मनात आहे. एक माणूस आतून बदलला की घर बदलतं आणि समाज आपोआप बदलतो. शहरातल्या 1 टक्का लोकांनी ध्यान केलं तर गुन्हे घटतात, हे विज्ञानानं सिद्ध झालंय. संतांनी कधी आंदोलनं केली नाहीत. गांधीजीही म्हणाले, जगात हवा तो बदल स्वतः बना.

आम्ही ध्यान-नामस्मरणाच्या बाजूचे लोक आहोत, त्यामुळे हे खोडताना आनंद होत नाही. पण यातला ‘आपोआप’ हा शब्द खोटा आहे, आणि बाकीचा मजकूर त्याच खुंटीवर टांगलाय.

‘1 टक्का लोकांनी ध्यान केलं तर गुन्हे घटतात’

हा दावा महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाच्या (ट्रान्सेन्डेन्टल मेडिटेशन) चळवळीतून आला. त्याच चळवळीची पुढची आवृत्ती म्हणते की वरच्या पायरीची साधना एकत्र बसून केली तर 1 टक्क्याच्या वर्गमुळाएवढी माणसंही पुरतात. 2011 च्या जनगणनेनुसार पुणे महापालिका हद्दीत साधारण 31 लाख लोक होते. त्याचा 1 टक्का म्हणजे 31 हजार, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे 176. म्हणजे एका मंगल कार्यालयाच्या अर्ध्या पंगतीएवढी माणसं बसली की शहर शांत!

पुरावा म्हणून वॉशिंग्टनचा 1993 चा प्रयोग सांगतात. 7 जून ते 30 जुलै या काळात सुमारे 4,000 साधक तिथे जमले आणि हिंसक गुन्हे जास्तीत जास्त 23 टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष निघाला. मेख इथे आहे: ही घट आधीच्या प्रत्यक्ष आकड्याशी ताडलेली नाही. ‘साधक आले नसते तर गुन्हे इतके झाले असते’ असा अंदाज गणिती प्रतिमानातून काढला आणि त्याच्याशी तुलना केली. अंदाज फुगला की घट आपसूक फुगते. खुनांचा आकडा खाली आलाच नाही. अभ्यासाचे प्रमुखही त्याच चळवळीच्या विद्यापीठातले. 1994 साली प्रमुख संशोधकाला या कामासाठी शांततेचं ‘इग नोबेल’ मिळालं. हा पुरस्कार हसू आणणाऱ्या संशोधनाला थट्टेनं देतात.

आपल्याकडे तर दरवर्षी याची परीक्षा होते. आषाढात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी येतात, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत. लाखो माणसं अखंड नाम घेत शहरातून चालतात. नामस्मरण हे भावातीतवाल्यांचं ध्यान नाही, अशी पळवाट काढता येईल, पण संख्येत तरी काही कमी नाही. तरीही त्याच गर्दीत मंगळसूत्रं आणि पाकिटं मारली जातात, म्हणून साध्या वेषातले पोलीस नेमावे लागतात. वारीची थोरवी यानं कमी होत नाही. चोर मात्र तिच्या कंपनांनी बदलत नाही.

‘संतांनी कधी आंदोलनं केली नाहीत’

देहूचीच गोष्ट घ्या. तुकोबांच्या घरी सावकारी होती. परंपरा सांगते की वैराग्य आल्यावर त्यांनी कर्जाची खतपत्रं भाऊ कान्होबाशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. हा प्रसंग कीर्तनात वैराग्याचा दाखला म्हणून येतो. तो ऋणकोच्या बाजूनं ऐकून पाहा. तुकोबांचं मन आतून कितीही निर्मळ झालं असतं आणि खतं पेटीत राहिली असती, तर पुढच्या पिढीनं वसुली केलीच असती. सुटका झाली ती कागद पाण्यात गेल्यावर. आणि कान्होबाच्या वाट्याच्या ऋणकोंचं काय? ते होते तिथेच राहिले. सख्ख्या भावाच्या चित्तशुद्धीनंही त्यांचं खत फाटलं नाही.

आता पंढरपूर. वाळवंटात वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, जात विचारत नाहीत. हा समतेचा संस्कार खराच. पण चोखोबांना देवळात जाता आलं नाही, त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्यानंतर सहाशे वर्षं भजनं झाली, वाऱ्या झाल्या, कितीतरी माणसं आतून खरोखर बदलली असतील. दार बंदच होतं. ते उघडलं 1947 साली. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत उभं केलं, मे महिन्यात उपोषण केलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. पुण्यात पर्वतीच्या देवळासाठी 1929 मध्येच सत्याग्रह झाला होता, तेव्हा दार उघडलं नव्हतं. म्हणून आंदोलन केलं की यश ठरलेलं, असंही आमचं म्हणणं नाही. पण सहाशे वर्षांच्या ‘आपोआप’नं जे झालं नाही, त्यासाठी कुणाला तरी दारात बसावंच लागलं.

साने गुरुजींइतका आतून ओला माणूस शोधून सापडणार नाही. तो ओलावा त्यांना घरात बसू देईना, एवढंच.

‘दोष समाजात नाही, तुमच्या मनात आहे’

हे वाक्य कुणाला ऐकवलं जातं ते बघावं. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तहानलेल्या माणसाच्या मनात कसला दोष होता? दोष हौदाच्या नियमात होता. नियम मनातून जन्मतो हे मान्य, पण एकदा रूढ झाला की मन बदललेली माणसंही तो निमूट पाळत राहतात, कारण शेजारी पाळतो.

‘गांधीजी म्हणाले होते…’

या शब्दांत म्हणाल्याची नोंद नाही. 1913 मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांनी लिहिलं ते साधारण असं: आपण स्वतःला बदललं तर जगातले कलही बदलतील, दुसरे काय करतात याची वाट बघायला नको. त्याच 1913 च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत दोन हजारांवर माणसांना घेऊन ते कायदा मोडत ट्रान्सवालच्या हद्दीत चालत गेले. 3 पौंडांचा जाचक कर पुढच्या वर्षी रद्द झाला. ‘वाट बघू नका’चा अर्थ त्यांनी पायांनी सांगितला होता.

मग साधनेचा समाजाला उपयोगच नाही?

आहे. पण तो कधी होतो आणि कधी अडतो, हे बारकाईनं पाहायला हवं.

2013 च्या एका अमेरिकन प्रयोगात आठ आठवडे ध्यान केलेल्या लोकांना प्रतीक्षागृहात बसवलं. खुर्च्या भरलेल्या होत्या, कुबड्या घेतलेली बाई आली, बाकीच्या खुर्च्यांवर प्रयोगकर्त्यांचीच माणसं होती, त्यांनी मुद्दाम दुर्लक्ष केलं. ध्यान न केलेल्यांपैकी 16 टक्के उठले, केलेल्यांपैकी 50 टक्के. प्रयोग लहान होता, पण दिशा कळते. याउलट 1973 चा प्रयोग धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर होता. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. घाई नसलेल्यांपैकी 63 टक्के थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी 10 टक्के. काही जण तर जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या भल्या माणसाच्या बायबलमधल्या कथेवरच बोलायला निघाले होते, त्यानंही फरक पडला नाही. मनातल्या धर्मापेक्षा हातातलं घड्याळ जड भरलं.

2018 मध्ये ध्यानाच्या अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. करुणा थोडी वाढलेली दिसली, पण आक्रमकता आणि पूर्वग्रह घटल्याचं दिसलं नाही. शिवाय करुणेची वाढही मुख्यतः तिथेच दिसली, जिथे ध्यान शिकवणारा स्वतःच संशोधनाचा सहलेखक होता.

गोपाळ कृष्ण गोखल्यांना हे प्रयोगांशिवाय कळलं होतं. 12 जून 1905 ला पुण्यात भारत सेवक समाज काढताना सार्वजनिक जीवनाचं अध्यात्मीकरण हे त्यांनी ध्येय म्हणून लिहिलं, पण तेवढ्यावर सोडलं नाही. सभासदाला सात प्रतिज्ञा: स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, जातधर्माचा भेद न करता सर्वांच्या हितासाठी झटायचं, खासगी भांडण करायचं नाही वगैरे. शिवाय 5 वर्षांचं प्रशिक्षण. प्रतिज्ञा अशी, की मोडली तर दुसऱ्याला दिसते. खासगी भांडणाची अट तर आजच्या प्रत्येक सामाजिक संस्थेच्या दारावर लावावी; निम्म्या संस्था कामामुळे नाही, अहंकारामुळे फुटतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या त्या मजकुरात खरं काही असेल तर ते इतकंच.

ध्यानाचा किंवा नामाचा गट चालवत असाल तर आमची सूचना अशी. माणसं 8 ते 12, आठवड्याला दीड तास. 20 मिनिटं शांत बसणं. मग 40 मिनिटं एकाच कामावर, आणि ते काम पायी 15 मिनिटांच्या आतलं असावं, लांबचं पुण्य नको. उरलेला अर्धा तास वहीचा: मागच्या वेळी कुणी काय कबूल केलं, झालं का, नसेल तर का. हा शेवटचा भाग सगळ्यांना नकोसा वाटतो आणि पहिल्यांदा तोच गळतो. तो गळला की ‘मी तर रोज ध्यान करतो’ हे समाधान कामाची जागा घेतं. ज्याच्यासाठी काम आहे तो माणूसही खोलीत हवा.

पहिलं काम म्हणून कचरा घ्या. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून दारोदार कचरा गोळा करते. ओला, सुका वेगळा करणं बऱ्याच घरांना जमलंय. बिघडतं ते सॅनिटरी पॅड आणि डायपरपाशी. ते साध्या पिशवीत, सुक्यात टाकले की वेचणाऱ्या बाईला हातानं उघडल्याशिवाय कळत नाही. ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं, दोरा बांधायचा, वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं हातात द्यायचं. अर्धं मिनिट लागतं. मग खाली बघा: त्या बाईला हात धुवायला नळ आहे का, साबण आहे का, वर्गीकरणाला सावली आहे का?

आणि लिफ्टशेजारी पाटी असेल तर वाचा. ‘कामवाल्या व कचरावाल्यांनी लिफ्ट वापरू नये.’ शेजारीच ‘रविवारी सकाळी 6 वाजता क्लबहाऊसमध्ये सामूहिक ध्यान’ असा कागद असतो. पाटी काढायला सर्वसाधारण सभेत ठराव लागतो: विषय आधी लेखी द्यायचा, सूचक-अनुमोदक आधी ठरवायचे, विरोध करणाऱ्यांच्या घरी सभेपूर्वी जाऊन यायचं. ठराव झाला की त्याच संध्याकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा, पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका.