स्वस्त अवजारांनी गाडी बांधण्याविषयी : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

मागील लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर लिहायला आठवडा घेतला, कारण तिच्यातील निम्मी टीका मला मान्य आहे आणि ती निम्मी कोणती हे ठरवायला वेळ लागला. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. चौकोनी पाइपांचा सांगाडा घरी जोडून गाडी बांधण्याचे काम मी हाताशी आली ती सर्वांत स्वस्त अवजारे घेऊन केले, असे अभिमानाने सांगून मी नवख्या वाचकांची दिशाभूल केली आहे. स्वस्त अवजार लवकर मोडते आणि पुन्हा विकत घ्यावे लागते. त्याने माप अचूक येत नाही. आणि ज्या वस्तूत माणूस बसून रस्त्यावर जाणार आहे, तिच्या बाबतीत अशी काटकसर हा बेजबाबदारपणा आहे, असे आपण लिहिले आहे.

अवजारे मोडतात, हे खरे आहे. पण मोडलेल्या अवजाराचे मला फारसे वाईट वाटत नाही. पान्याचे तोंड फाकले किंवा सी-क्लॅम्पचे आटे गेले, तर ते त्याच क्षणी कळते, काम थांबते, फार तर बोटांची सालटी निघतात, आणि मग तेवढे एक अवजार चांगल्या प्रतीचे आणता येते. माझ्याकडील एवढ्या पसाऱ्यातून चारच वस्तू अशा बदलाव्या लागल्या. सगळी अवजारे सुरुवातीपासून उत्तम घेतली असती, तर ज्यांना पुढील दोन वर्षांत मी तीनदाही हात लावला नाही तीही उत्तमच घेतली गेली असती, कारण कोणते अवजार किती लागेल हे पहिलीच गाडी बांधणाऱ्याला आधी कळत नाही. मला भीती वाटते ती मोडत नाही पण चुकीचे सांगते अशा अवजाराची. काटकोनात नसलेला गुण्या किंवा लवकर सुटणारा टॉर्क पाना (बोल्ट ठरवलेल्या जोराने आवळला की ‘टक्’ करून सांगणारा पाना) वर्षानुवर्षे टिकतो आणि दर वेळी तीच चूक करतो. म्हणून किमतीच्या आधी मी हे पाहतो की, या अवजाराची चूक गाडी रस्त्यावर जाण्यापूर्वी माझ्या नजरेस पडेल की नाही. आपल्या प्रतिक्रियेत हा भेद केलेला नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्या लेखातही तो नव्हता.

आता अचूकतेविषयी. छायाचित्रातील एल-आकाराचा गुण्या पाहून आपण ‘याच्या भरवशावर सांगाडा?’ असे विचारले आहे. त्याच्या भरवशावर मी काहीच केले नाही. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून एक रेघ ओढायची, मग तो पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या तर कोन बरोबर आहे, आणि फाकल्या तर त्यांच्यातील अंतर हे चुकीच्या दुप्पट असते. माझ्या गुण्याच्या रेघा २०० मिलिमीटरवर १ मिलिमीटरने फाकल्या, म्हणजे चूक अर्ध्या मिलिमीटरची होती. कोन लहान असल्यामुळे आतल्या कोपऱ्याशी टोकदार पोलादी पंचाचे दोन ठोके देऊन तो उघडला. मोठा असता तर बाहेरच्या कोपऱ्याशी ठोके दिले असते. पाणसळीची परीक्षाही अशीच होते. ती आहे त्याच जागी १८० अंशांत फिरवून ठेवायची आणि बुडबुडा आपल्या नजरेला पूर्वीच्याच बाजूला, तेवढाच सरकलेला दिसतो का ते पाहायचे. या परीक्षांना दुसरे, अधिक अचूक अवजार लागत नाही, आणि महाग गुण्या घेतला तरी त्या कराव्यात, कारण एकदा जमिनीवर पडलेल्या गुण्याची किंमत त्याचा कोन राखत नाही.

शिवाय एवढा मोठा सांगाडा काटकोनात आहे की नाही हे गुण्याने पाहतच नाहीत, ते कर्णांवरून पाहतात. १ मीटर रुंद आणि २ मीटर लांब आयताची एक लांब बाजू दुसरीच्या तुलनेत केवळ १ मिलिमीटर पुढे सरकली, तरी दोन कर्णांच्या लांबीत जवळजवळ १.८ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे ही पद्धत चूक मोठी करून दाखवते. (समोरासमोरच्या बाजू आधी समान आहेत याची खात्री करून घ्यावी, समलंब चौकोनाचे कर्णही समान असू शकतात.) कर्ण मोजायला तर टेपचीही गरज नाही. एका लांब पट्टीवर पहिल्या कर्णाची खूण करायची आणि तीच पट्टी दुसऱ्या कर्णावर ठेवून पाहायची.

ही पट्टी मी हौसेने नव्हे, तर अद्दल घडल्यावर वापरू लागलो. पुढचे सस्पेन्शन जोडण्याचे डावे बिंदू मी एका टेपने आखले आणि उजवे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेपने, आणि दोन्ही बाजूंत ३ मिलिमीटरचा फरक आला. एका टेपच्या टोकाचा धातूचा आकडा वाकलेला होता. (टेपच्या टोकाचा आकडा किंचित हलतो म्हणून काहीजण त्याची रिवेट ठोकून घट्ट करतात. तसे करू नये. आकडा अडकवून मोजले काय किंवा टेकवून मोजले काय, माप सारखेच यावे यासाठी तो स्वतःच्या जाडीइतका हलेल असाच बनवलेला असतो.) सांगाडा तेव्हा नुसता टॅक केलेला होता, म्हणजे वेल्डचे ठिपके देऊन तात्पुरता जोडलेला होता, म्हणून टॅक कापून ब्रॅकेट (सस्पेन्शन अडकवण्याच्या पट्ट्या) सरकवता आले. ही चूक स्वस्त टेपची नव्हती, दोन टेप वापरणाऱ्या माणसाची होती. सबंध सांगाडा २ मिलिमीटर लांब झाला तर गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही; डावी बाजू उजवीहून २ मिलिमीटर वेगळी झाली, तर चाकांच्या रेषा जुळवताना ते पुढे कायम छळते. त्यामुळे माप किती येते यापेक्षा दोन्हीकडे सारखे येते का, हे अधिक महत्त्वाचे ठरते. पुढे ब्रॅकेटांच्या पट्ट्या मी जोडीजोडीने एकत्र आवळून एकाच वेळी भोक पाडून घेतल्या, आणि समोरासमोरच्या ब्रॅकेटांतून एक लांब सरळ सळई आरपार ओवून, ती फिरते आहे हे पाहत मगच टॅक मारले. त्या सळईमुळे जी अचूकता मिळाली, ती कोणत्याही मोजपट्टीने मिळाली नसती.

टॉर्क पान्याविषयी आपण लिहिले आहे की तो स्वस्तातला कधीही घेऊ नये. मी असे म्हणेन की, न तपासलेला कोणताही वापरू नये. पान्याचे चौकोनी टोक व्हाइसमध्ये आडवे पकडायचे आणि टोकाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर २० लिटर पाण्याचा कॅन टांगायचा (कॅनचे स्वतःचे वजनही धरायचे), म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटरचा बल-आघूर्ण (पिळाचा जोर) मिळतो. आडव्या धरलेल्या पान्याचे स्वतःचे वजनही त्यात भर घालते आणि लांब पान्यात ती भर २-३ न्यूटन-मीटर असू शकते, ती विसरू नये. अशा पान्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात १० न्यूटन-मीटरच्या वर ४ टक्के चूक चालते. माझा पाना साधारण ५ टक्के लवकर ‘टक्’ करत होता, आणि तेवढी दुरुस्ती मी त्याच्या मुठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवली आहे. आटे कोरडे आहेत की तेलकट, याने याहून कितीतरी मोठा फरक पडतो, कारण लावलेल्या जोराचा सुमारे दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात खर्च होतो आणि बाकीचा घर्षणात जातो. महाग पाना हातात असूनही, कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरला, तर बोल्ट गरजेपेक्षा फार जास्त ताणला जातो.

सुरक्षिततेच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी वाद घालणार नाही. ‘सर्व अवजारे स्वस्त’ हे माझे वाक्य चुकीचे होते, कारण उचललेली गाडी पेलून धरणारे जॅक स्टँड, वेल्डिंगचे हेल्मेट, ग्राइंडरच्या चकत्या आणि ब्रेकच्या नळ्यांची तोंडे फुलवण्याचे अवजार या वस्तू मी स्वस्तातल्या घेतल्याच नव्हत्या, आणि ते लिहायचे राहून गेले. या वस्तूंची चूक आधी दिसत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत स्वस्त अवजारे विकणाऱ्या एका मोठ्या साखळीला लाखो जॅक स्टँड परत मागवावे लागले होते. उत्पादनाचे साचे झिजल्यामुळे काहींचा अडकवणीचा दात पुरेसा खोल बसत नव्हता. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींत पुढे वेल्डिंगचा दोष निघाला. असा दोष घरी तपासण्याची एकच पद्धत मला सुचते, आणि ती गाडीखाली झोपून करायची आहे. चकतीचेही तसेच आहे. १२५ मिलिमीटरच्या चकतीची कमाल गती मिनिटाला १२,२५० फेरे असते, मधल्या धातूच्या कड्यावर वापराची मुदत छापलेली असते, आणि मोठी चकती बसावी म्हणून ग्राइंडरचे कवच काढणाऱ्याला मी कोणताही सल्ला देऊ इच्छित नाही. जोरात दाबलेल्या ब्रेकच्या नळीत सुमारे १०० बार दाब असू शकतो. तिथे एका बाजूला कललेले फुलवलेले तोंड चालत नाही. याच यादीत आटे पाडण्याचे स्वस्त टॅपही घालावेत असे मला वाटते, जीव जातो म्हणून नव्हे, तर भोकात तुटलेला टॅप बाहेर काढताना माणूस जे बोलतो ते छापण्यासारखे नसते.

राहिला वेल्डिंगचा प्रश्न, आणि इथे आपण चुकीच्या ठिकाणी बोट ठेवले आहे असे मला वाटते. सांगाड्याच्या पाइपांची जाडी १.६ मिलिमीटर आहे. तिला साधारण ६० ते ७० अँपिअर पुरतात आणि तेवढे लहानातले लहान मशीनही देते. त्याची मर्यादा असते ती सलग चालण्याची. २० टक्के कार्यचक्र म्हणजे दहा मिनिटांत दोनच मिनिटे वेल्डिंग, आणि उष्णतेने सांगाडा वाकू नये म्हणून मी तसाही एक सांधा इथला, तर पुढचा पलीकडच्या टोकाचा असे करत होतो. कच्चा दुवा मशीन नव्हता, माझा हात होता. त्याच जाडीच्या तुकड्यांवर सांधे करून ते मी मधोमध कापून पाहिले, तेव्हा पहिल्या काहींत वेल्ड वरून देखणे आणि आतून नुसते चिकटलेले निघाले. म्हणून टॅक सगळे मी मारले, साधे सांधे हात बसल्यावर मी पूर्ण केले, पण सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि सीट-बेल्टच्या ब्रॅकेटांचे वेल्ड एका अनुभवी वेल्डरकडून करून घेतले. अवजारांवर वाचवलेल्या पैशांपैकी बराचसा भाग त्याच्या मजुरीत गेला. लेखात हा उल्लेख एका ओळीत होता. तो आता वेल्डिंगच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला घेतला आहे, आणि ‘सर्व अवजारे स्वस्त’ हे वाक्य काढून, कोणती अवजारे स्वस्तातली घेतली नाहीत ते तिथे लिहिले आहे.

ड्रिल मशीन किती वेळा विकत घ्यावे लागले, असा प्रश्नही आपण शेवटी, काहीशा खोचकपणे, विचारला होता. दोनदा. पहिल्याचा चक (ड्रिलचे पाते पकडणारा जबडा) डगमगत असे आणि १० मिलिमीटरचे भोक साडेदहाचे होत असे. ते मशीन अजून चालते. त्याला तारेचा ब्रश लावून मी पाइपांवरचा गंज काढतो.